चहा होईपर्यंत धीर द्यायचा नाही

बाळांनो,

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा माझ्या मागे कोण कोण बसलेलं दिसतं, असं धाकटीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "मुलं आहेत, अभ्यासाला येतात" एवढंच सांगून मी विषय बदलला, कारण मला स्वयंपाकघरात जायचं होतं. म्हणून आता बसून, पहिल्यापासून लिहिते आहे. लिहिण्याचं दुसरं कारण थोरला आहे. तुझी पदवी होऊन बरेच महिने झाले आणि हल्ली तू फोनवर येत नाहीस. तुझी आई म्हणते, झोपलाय. तुमच्याकडे तेव्हा चांगली दुपार असते. मी काही विचारत नाही. पण इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढल्यावर झोपलेला मुलगा आणि "झोपलाय" असं सांगितला गेलेला मुलगा यांतला फरक मला कळतो.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागेल. लागू दे. मी अक्षर मोठं काढलं आहे.

भालकीच्या आपल्या घराचा पुढचा भाग तुम्ही फारसा पाहिलेला नाही, कारण तुम्ही यायचा तेव्हा तिथे आजोबांचे पक्षकार असत आणि मुलांनी तिकडे जायचं नाही असा नियम होता. रस्त्याकडे उघडणारं वेगळं दार, दोन लोखंडी कपाटं भरून कायद्याची पुस्तकं, एक लांब टेबल, टेबलाच्या अलीकडे आजोबांची खुर्ची, पलीकडे एक बिनहाताची लाकडी खुर्ची. ती पक्षकाराची. आजोबा गेल्यावर पाटी उतरवली. खोलीला कुलूप लावलं आणि दर शनिवारी उघडून, पुसून, परत लावत राहिले. कशासाठी पुसत होते हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पहिला आला तो आळंदचा माणूस. भालकीत सासुरवाडी, आणि राहायलाही इथेच, म्हणून पुढे सगळे त्याला जावईबापू म्हणू लागले. आळंदच्या अडतीवर बरीच वर्षं तुरीचा हिशेब लिहीत होता. तिशी उलटल्यावर त्याने कलबुर्गीला कायद्याला नाव घातलं, पास झाला, सनद मिळवली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की सनद मिळणं आणि काम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकातल्या आपल्या या सीमाभागात ज्याचे वडील वकील, त्याला खुर्ची घरात तयार असते. बाकीच्यांनी कुणाच्या तरी ऑफिसात उभं राहायची जागा शोधायची. जावईबापू सरकारी वकिलाच्या परीक्षेला बसणार होता आणि त्याला पुराव्याच्या कायद्यावरचं आजोबांचं जाड पुस्तक हवं होतं.

मी म्हटलं, "पुस्तक घराबाहेर जाणार नाही. इथे बसून वाचा."

त्याने कपाटांकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "बसतो की मॅडम. घरी तरी कुठं कोन वाचू द्यायलंय मला."

दुसऱ्या रविवारी त्याने एकाला बरोबर आणलं, त्याने आणखी एकीला. कोणी परीक्षेला बसणारे, कोणी बँकेत कायद्याच्या कामाची जागा बघणारे, कोणी नुसते ज्युनिअर म्हणून घ्या एवढंच म्हणणारे. काही येऊन गेले. काहींना जागा मिळाली आणि ते परत दिसले नाहीत, ते साहजिकच आहे. मला कायद्यातलं काही कळत नाही. माझ्याकडे तीनच कामं होती: दहाला दार उघडणं, त्यांचं इंग्रजी तपासणं आणि चहा. दहानंतर येणाऱ्याने कप धुवायचे. त्यामुळे कप बहुतेक वेळा एकच जण धुवायचा, भालकीच्या कापड दुकानदाराचा मुलगा. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, बसवण्णांना मानणारं घर आहे. त्याला सगळे शेठ म्हणून चिडवत. वडिलांची इच्छा त्याने गल्ल्यावर बसावं अशी, आणि त्याची इच्छा गल्ला सोडून कुठेही बसावं अशी.

आता चहाचा नियम सांगते.

सुरुवातीला काय व्हायचं, की कोणी मुलाखतीला जाऊन हात हलवत परत यायचं आणि रविवारी खोलीत पाऊल टाकायच्या आतच बाकीचे सुरू व्हायचे. "व्हईल की." "त्यांचा मानूस आधीच ठरल्याला असतोय." "टेन्शन कामून घ्यायलास?" मी चहा आणायचे, मग हसणं, मग दुसरा विषय. गेलेल्याला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, कुठे अडलं, ते कोणालाच कळायचं नाही. आणि तो हसून घरी गेलेला माणूस पुढचे काही रविवार यायचा नाही.

तेव्हा मला तुमच्या आजोबांची एक सवय आठवली. पक्षकार आला की ते चहा मागवत नसत. आधी त्याचं सगळं बोलून होऊ देत, मधे बोलत नसत, मग एक-दोन प्रश्न, आणि मग आत हाक, "दोन कप." मी नव्याने लग्न होऊन आले तेव्हा मला हे उद्धट वाटायचं. उदगीरला आमच्याकडे दारात माणूस आला की आधी पाणी, मग चहा. एकदा मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, चहा दिला की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा आपली फजिती सांगत नाही.

तोच नियम मी मुलांना लावला. जो जाऊन आला त्याने पक्षकाराच्या खुर्चीवर बसायचं. दारातून आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं सगळं सांगायचं. बाकीच्यांनी फक्त विचारायचं. चहा होईपर्यंत कोणी धीर द्यायचा नाही. चहा आला की मग द्या हवा तेवढा.

शेठ म्हणाला, "मॅडम, ही तर उलटतपासणी झाली."

"उलटतपासणी विरुद्ध बाजूचा वकील करतोय," जावईबापू म्हणाला. "आपल्याच मानसाला आपन विचारतो ती सरतपासणी. हेच येत न्हाई तुला, म्हनून कप धुवायलास."

नियम कडक होता, पण त्यानंतर येणं कोणी टाळलं नाही. मला वाटतं, सांगून झाल्यावर त्या माणसाला काहीतरी हलकं वाटायचं.

हा नियम लागला त्याच वर्षी एक मुलगी येऊ लागली. मुडबीच्या बाहेर त्यांचं शेत आहे, सोयाबीन आणि तूर. मुडबीहून कल्याण, कल्याणहून भालकी, अशा दोन बस बदलून यायची आणि तरी दहाच्या आत यायची. कल्याण म्हणजे बसवकल्याण, आम्ही इकडे कल्याणच म्हणतो. शाळा मराठी, कायदा कलबुर्गीला. बोलायची कमी. इंग्रजी लिहायची मात्र सरळ, बिनचूक, वाक्याला वाक्य जोडून. माझ्या चाळणीतून तिचा कागद गेला की लाल पेनला काम उरायचं नाही. शेठपेक्षा ती वर्ष-दोन वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला अक्का म्हणायचा.

पहिल्यांदा खुर्चीवर बसली तेव्हा तिने स्वतःबद्दलही सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं. सनद मिळून वर्ष झालं होतं. आईने शिवून घेतलेला काळा कोट दाराच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत होता. पुण्यात भाऊ आहे, पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात. त्याने तिथेच काउंटरवर तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. दसरा झाला की तिने जायचं, नाहीतर नाही म्हणून सांगायचं; पण नाही म्हणायला इथे काहीतरी हातात हवं. मामाची मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. कोट तिला येईल, असं आई एकदा सहज म्हणून गेली होती.

"सहज म्हन्ली आई," ती म्हणाली. "पन माप बी सांगितलं तिनं."

तेव्हा पाऊस ओसरायला लागला होता. दसरा फार लांब नव्हता.

कलबुर्गीत खेड्यापाड्यांतल्या बायकांना कायद्याचा सल्ला देणारी एक संस्था होती, तिला वकील मुलगी हवी होती. गावोगाव फिरायचं, बायकांचं ऐकायचं, कागद तयार करायचे. ही जागा तिच्यासाठीच आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती गेली आणि पुढच्या रविवारी येऊन खुर्चीवर बसली. सगळं क्रमाने सांगितलं. पोटगीबद्दल विचारलं, ते आलं. घरातल्या मारहाणीबद्दलच्या कायद्याचं विचारलं, ते आलं. एकटीने फिरशील का, हो. मग त्यांनी विचारलं, कन्नड येतं का. ही म्हणाली, नाही. ते एकमेकांकडे बघायला लागले, मग आभार मानले.

आम्ही प्रश्न विचारले. पोटगीचं उत्तर किती लांब दिलंस, कोणत्या भाषेत दिलंस, बसलीस कशी. कन्नडवर कोणी थांबलं नाही. कन्नड हवं होतं, हिला येत नाही, त्याला कोण काय करणार. मलाही तसंच वाटलं. मी उठून चहा टाकला आणि मग सगळ्यांनी भरपूर धीर दिला. ती मान हलवत राहिली. बस गाठायची म्हणून लवकर उठली.

त्याच्या पुढच्या रविवारी दारात ऑटो थांबला. एक म्हातारी उतरली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिला वकीलसाब हवे होते, म्हणजे तुमचे आजोबा. कधीकाळी त्यांनी तिचं काहीतरी काम केलं होतं, आणि ते आता नाहीत हे तिच्या गावापर्यंत पोचलंच नव्हतं. ती कन्नड बोलत होती, गावाकडचं, भरभर. मी "बर्री, कूडरी", म्हणजे या, बसा, एवढं म्हटलं आणि माझं तिथेच संपलं. शेठ अजून यायचा होता, नेहमीप्रमाणे. जावईबापू पुस्तकातून मान वर काढेपर्यंत ती मुलगी उठून ओट्यावर गेली होती.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, म्हणून मी पाहिलं. तिने म्हातारीला खाली बसवलं, स्वतः समोर बसली. आधी वकीलसाब गेल्याचं सांगितलं. म्हातारीने पदर डोळ्याला लावला. हिने तिला रडू दिलं. मग विचारायला लागली. कोणाचं शेत, वाट कुठून, ती नांगरली कोणी, कधी, कोणाच्या समोर. सगळं कन्नडमध्ये. मधेच म्हातारी रागावली, ही हसली, आणि काहीतरी असं म्हणाली की म्हातारीही हसली. ऑटोवाला ताटकळला होता. त्याने हाक मारली, "अम्माँ, और कित्ता टैम? सवारी छूट जाती मेरी." हिने मान न वळवताच उत्तर दिलं, "गडबड नक्को करो भाई, अम्माँ को पानी पी लेने देव." आणि परत कन्नड.

कागद कोणते लागतील, तहसीलला कोणाला भेटायचं, ते सगळं तिने म्हातारीकडून दोनदा वदवून घेतलं. मग ऑटो गेला. ती आत आली, बसली, आणि इंग्रजी पुस्तकाचं जिथे पान दुमडलं होतं तिथून वाचायला लागली.

शेठ या सगळ्याच्या मधे कधीतरी आला होता आणि फाटकापाशी उभा राहून ऐकत होता. तो आत आला, बसला नाही.

"काय गं अक्का. तुला कन्नड येत न्हाई म्हन्लीस की."

तिने वर बघितलं. "येत न्हाईच की."

"मग आता भायेर काय करायलीस?"

"ते तर बोलायले हुते."

ती गंमत करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं की आम्ही असे का बघतोय. शेतात खुरपायला येणाऱ्या बायका कन्नड बोलतात, शेजारची आजी कन्नड बोलायची, त्यांच्याशी बोलता बोलता ती वाढली. ते येणं नव्हतं. येणं म्हणजे शाळेत ज्याचा पेपर दिला ते. कन्नडचा पेपर तिने पासापुरता दिला होता, अक्षरं जुळवत.

जावईबापूने हळूच विचारलं, "त्यांनी विचारलं तवा निस्तं व्हय म्हनायचं की. कामून न्हाई म्हन्लीस?"

"येतंय म्हन्ले आन् त्यांनी कागद पुढं ठिवला तर?" ती म्हणाली. "खोटं पडंल की मी. वकील हाव म्हनायचं आन् पहिलंच खोटं बोलायचं?"

मग मी प्रत्येकाला विचारलं, तुला कोणकोणत्या भाषा येतात. जावईबापू म्हणाला, मराठी; कन्नड आपलं थोडंफार. हाच माणूस अडतीवर वर्षानुवर्षं कन्नड शेतकऱ्यांशी तुरीच्या ओलाव्यावरून भांडला होता, आणि जिंकला होता. शेठ म्हणाला, कन्नड आणि इंग्लिश. मी म्हटलं, मराठी? तो म्हणाला, "मराठी न्हाई येत मॅडम मला. म्हंजे घरात कुठं बोलतो आमी?" हे त्याने मराठीत सांगितलं. हसून हसून जावईबापूचा चष्मा पडला.

मीसुद्धा हसले, आणि मग मला माझंच आठवलं. उदगीरहून इथे येऊन मला जन्म लोटला. पुण्याची माणसं विचारतात, तुम्हाला कन्नड येत असेल ना? आणि मी नाही म्हणते. भाजीवालीशी मी कोणत्या भाषेत घासाघीस करते, हे मी कधी मोजलंच नाही.

आपल्या सीमेवरच्या माणसांचं हे असंच आहे. कन्नड त्यांची, मराठी आपली, उर्दू आणखी कोणाची. दुसऱ्याची भाषा आम्ही शेजाऱ्याच्या शिडीसारखी वापरतो. रोज लागते, रोज आणतो, पण आमच्याकडे शिडी आहे असं कोणी म्हणणार नाही. धाकटे, तूही तुझ्या मैत्रिणीला सांगत होतीस की तुला मराठी येत नाही. फोन चालू होता. मी त्याआधी जे बोलले त्यावर तू हसली होतीस.

पण तिची भीती अगदीच खोटी नव्हती. कोर्टाचा कागद कन्नडमध्ये असतो, आणि ती अक्षराला अक्षर जोडून वाचायची. शेठ दुकानातलं कन्नड वर्तमानपत्र आणू लागला. दर रविवारी ती मोठ्याने वाचायची आणि तो टेबलावर बोटं वाजवत ऐकायचा.

"अक्का, बैलगाडी बी पुढं गेली आता."

"तुझं इंग्रजी अजून स्टँडावरच बसलंय, ते बघ आधी."

तो वाचन घ्यायचा आणि कोणी भाषा विचारल्या तर बोलता येतात त्या सगळ्या सांगायच्या म्हणून बजावायचा; ती त्याचे अर्ज सुधारायची. त्याच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य नम्रपणे सुरू होऊन मधेच कुठेतरी हरवायचं. तिने ते छाटायला शिकवलं. असे काही आठवडे गेले. दसऱ्याचा विषय ती काढत नव्हती, आम्हीही काढत नव्हतो. भावाचा फोन आला की ती ओट्यावर जाऊन बोलायची.

आमच्यात आणखी एक रीत होती. जागा कोणालाही कळली तरी ती रविवारी सगळ्यांना सांगायची. एका रविवारी शेठ वेळेवर आला. तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं. पहिला चहा झाला, तो काही बोलला नाही. दुसरा झाला. उठायच्या वेळी तो भिंतीकडे बघत म्हणाला, कल्याणच्या कोर्टात एक सीनिअर वकीलबाई आहेत, त्यांना एक ज्युनिअर हवा आहे. वडिलांच्या गिऱ्हाइकाकडून कळलं. मी जाणार आहे.

मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तू बी ये. तुला तर घरून जवळ हाय."

जागा एकच होती, हे सांगायची गरज नव्हती. त्याला हवी होती, खरंच हवी होती. आठवडाभर त्याने गल्ल्यावर बसून त्या जागेचाच विचार केला असणार. तरी त्याने सांगितलं. त्या दिवशी तो वेळेवर आला होता, कप धुवायची पाळी त्याची नव्हती. पण ते त्यानेच धुतले.

दोघं ठरलेल्या दिवशी गेले. ती मुडबीहून, तो भालकीहून, कल्याणच्या स्टँडवर भेटून पुढे एकत्र चालत. आत मात्र वेगवेगळे. पुढचं मला आधी तिच्याकडून कळलं, कारण संध्याकाळी तिचा फोन आला. वकीलबाईंनी भाषा विचारल्या. ही म्हणाली, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चारी येतात; कन्नड वाचायला मला वेळ लागतो. बाईंनी लगेच कन्नडचा कागद पुढे ठेवला. ज्याला ती भीत होती तेच. तिने वाचला, सावकाश. एका शब्दाला अडली, तर बोट ठेवून हे काय आहे म्हणून विचारलं. बाईंनी सांगितलं, तिने पुढे वाचलं. मग बाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या एका माणसाला आत बोलावलं आणि याचं म्हणणं काय ते ऐकून मला सांग म्हणाल्या. तिने ऐकून सांगितलं.

"सोमवारपासून ये म्हन्ल्या," ती फोनवर म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, रविवारी मी येऊ का नको? त्याला कसं वाटंल?"

मी म्हटलं, ते तू ठरव.

रविवारी ती दहाच्या आत आली. तोही आला, वेळेवर, आणि कोणी न सांगता खुर्चीवर बसला. दारातून शिरल्यापासून सांगायला लागला. बाईंनी नाव-गाव विचारलं. दिवाणी दाव्याचं विचारलं, ते बरं गेलं. अर्ज बघून म्हणाल्या, इंग्रजी चांगलं आहे. इथे त्याने तिच्याकडे बघितलं. मग भाषा विचारल्या.

तो थांबला.

नियम तिलाही माहीत होता. तिने पक्षकाराला विचारावं तसं विचारलं, "काय सांगितलंस?"

"कन्नड आन् इंग्लिश."

"मराठीचं?"

"न्हाई सांगितलं."

"तिथं अर्धे लोक मराठी बोलनारे येतेत."

"ठाव हाय की." तो टेबलाकडे बघत होता. "बाईंनी इचारलं आन् तोंडातून आपोआप तेच निघालं. महिनाभर तुला हेच शिकवायलो हुतो मी."

कोणी हसलं नाही. जावईबापूने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, ते दिसत होतं. पण चहा झाला नव्हता. ती समोर बसून होती. तिला जागा मिळाली होती आणि त्याला नाही, आणि तिला मिळाली त्यात त्याचं वर्तमानपत्र होतं. तिचे डोळे भरले होते, पण तीही नियम मोडत नव्हती.

सांगणं अजून पुरतं झालं नव्हतं. तरी मी उठले. त्या दिवशी चहा मी जरा लवकर टाकला.

चहा आणला तेव्हा शेठच आधी बोलला. "मॅडम, आता कुनी इचारलं तर सांगतो, मला सगळंच येतंय. दुकान सोडून." तेव्हा सगळे हसले, आणि मग जो तो एकदमच त्याला धीर द्यायला लागला. कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं.

दसरा होऊन गेला. पुण्याची जागा भावाने दुसऱ्या कोणाला दिली. मामाच्या मुलीने स्वतःचा कोट शिवला. ती मुलगी रोज मुडबीहून कल्याणला जाते, कोट अंगात घालून, कारण बसमध्ये पिशवी धरायला जागा नसते असं ती म्हणते. फार काही मिळत नाही, जाणं-येणं निघतं, थोडं उरतं. एक रविवार आड इकडे येते. जागा मिळाल्यावरही येत राहिलेली ती पहिलीच. ती म्हातारी तिच्या शेताच्या वाटेसाठी आता कल्याणला तिला शोधत जाते. शेठ अजून शोधतो आहे. बँकेचा अर्ज भरला, अजून काही कळलेलं नाही. मधल्या वेळात गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांना चार भाषांत भाव सांगतो. जावईबापूची परीक्षा झाली, निकाल यायचा आहे.

थोरल्या, तुला नोकरी मिळेल असं मी इथे लिहिणार नाही. मला माहीत नाही, आणि चहा अजून झालेला नाही. पण बहुतेक रविवारी ती खुर्ची रिकामी असते. तिच्यावर फोन उभा राहतो का ते मी पाहिलं. पाठीला टेकवला की राहतो, पडत नाही. तुला कुठे कुठे जाऊन आलास, काय विचारलं, तू काय बोललास, ते सांगावंसं वाटलं तर सांग. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल. इथे सगळ्यांना येतं, ते नाही म्हणतील तरी.

आजोबांची पाटी उतरली, त्यांचे पक्षकार पांगले. दोन कपाटं पुस्तकं आहेत, दहाला उघडणारं दार आहे, समोरची बिनहाताची खुर्ची आहे, आणि सगळं सांगून झाल्यावर चहा मिळतो. एवढं अजून आहे.